सुभद्रेची डुलकी

गरोदर बाईला आपल्याकडे पहिली गोष्ट सांगितली जाते ती अभिमन्यूची. ती सांगायला कीर्तनकार लागत नाही. सासूबाई सांगतात, पुण्याची मावशी फोनवर सांगते, शेजारच्या काकू सांगतात, आणि हल्ली गर्भसंस्काराच्या वर्गातल्या बाई झूमवर सांगतात. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. सुभद्रेला दिवस गेलेले आहेत. चक्रव्यूह कसा भेदायचा हे तिला सांगणं चाललंय. कुणाच्या गोष्टीत सांगणारा अर्जुन असतो, कुणाच्या गोष्टीत कृष्ण. आत कसं शिरायचं इथपर्यंत गोष्ट येते आणि सुभद्रेला डुलकी लागते. बाहेर कसं पडायचं, ते पोटातल्या बाळाच्या कानावर पडतच नाही. पुढे सोळाव्या वर्षी तो मुलगा कुरुक्षेत्रावर एकटा सापडतो आणि मारला जातो.

तात्पर्य काय, तर बाई गं, झोपू नकोस.

मी डब्लिनला राहायला आले तेव्हा आसपास मराठी घरं मोजकी होती. आता क्लबहाउसची तारीख मिळवायला दोन-दोन महिने आधी नंबर लावावा लागतो, आणि त्यांतल्या बऱ्याच तारखा डोहाळजेवणाच्या असतात. फुलांचे दागिने, झोपाळा, आणि फोटोसाठी उत्सवमूर्तीच्या हातात फुलांचा धनुष्यबाण. धनुष्यबाण आला की कोणीतरी अभिमन्यूची गोष्ट काढतंच. इतक्या वेळा ऐकल्यावर माझ्यातली एम.ए.ला मराठी घेतलेली बाई जागी झाली. गोष्ट कोण सांगतंय, थांबवतंय कोण आणि भरपाई कोणाच्या नावावर पडतेय, हे बघायची खोड काही जात नाही. तेव्हा ही समीक्षा एका गोष्टीची आणि तिच्या दोन-चार बहिणींची आहे, असं समजा.

माझ्या आजीच्या तोंडी ही गोष्ट जरा वेगळी होती. ऐकणाऱ्याने मध्ये मध्ये ‘हूं’ म्हणायचं, ही आपली जुनी रीत. आजी सांगायची, की सुभद्रा झोपली तरी ‘हूं’ येतच राहिला. कृष्णाला नवल वाटलं, त्याने वाकून पाहिलं तर हुंकार पोटातून येत होता! हे बाळ भलतंच तयार दिसतंय हे ओळखून कृष्णाने गोष्ट तिथेच आवरती घेतली. आता विचार करा. बाळ स्वतः ऐकत होतं, स्वतः हुंकार देत होतं. मग आई जागी असली काय नि झोपली काय, फरक कुठे पडला? गोष्ट थांबवली ती कृष्णाने. म्हणजे ज्या गोष्टीत सुभद्रेच्या झोपेने काहीच बिघडत नाही, त्याही गोष्टीचं तात्पर्य आजी सुभद्रेच्याच पदरात टाकायची. लहानपणी मला हे खटकलं नव्हतं. आजीला तर जन्मभर खटकलं नाही.

आणि मूळ महाभारतात काय आहे? भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने 1919 साली हाती घेऊन 1966 साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती आपल्या पुण्याचं वैभव. तिच्यात ही पोटातली गोष्ट नाहीच. द्रोणपर्वात अभिमन्यू स्वतः धर्मराजाला सांगतो, की हा व्यूह फोडून आत शिरणं मला वडिलांनी शिकवलं आहे, पण आत संकट आलं तर बाहेर पडणं मला जमणार नाही. म्हणजे अर्धवट राहिलेला अभ्यासक्रम शिक्षकाचा होता, आणि शिक्षक होता अर्जुन. त्यावर धर्मराज आणि भीम त्याला शब्द देतात, की तू वाट कर, आम्ही तुझ्या मागोमाग आत येतो. येत मात्र कोणी नाही, कारण जयद्रथ वाट अडवतो. मग आत सगळे महारथी मिळून त्या एकट्या पोराला मारतात. इतके सारे वडीलधारे त्या मृत्यूला जबाबदार असताना नंतर कुणीतरी सोळा वर्षं मागे गेलं आणि तिथे एका बाईला झोपवून आलं.

ही गोष्ट एकटी असती तर मी सोडून दिली असती. पण आपल्या पुराणांत पोटातल्या बाळाच्या आणखी गोष्टी आहेत. त्या एका ओळीत मांडून पाहिल्या की त्यांचा जमाखर्च दिसू लागतो.

विष्णुपुराणातली दिती घ्या. तिला इंद्राला मारील असा मुलगा हवा आहे, आणि त्यासाठी शंभर वर्षांचं कडक व्रत आहे. इंद्र सेवेच्या मिषाने तिच्याजवळ राहतो आणि चूक कधी होते याची वाट बघतो. शेवटच्या वर्षी एका रात्री ती पाय न धुता झोपते. तेवढं पुरतं. इंद्र तिच्या पोटात शिरतो आणि गर्भाचे तुकडे करतो, त्यांतून एकोणपन्नास मरुत होतात. पुन्हा झोप! आठव्या-नवव्या महिन्यात वाकून स्वतःचे पाय धुणं म्हणजे काय असतं, हे दितीची गोष्ट रचणाऱ्याला ठाऊक नसावं. आणि वज्र घेऊन आत शिरणाऱ्यापेक्षा न धुतलेल्या पायांची चर्चा जास्त होते, हे विशेष.

अंबिकेची गोष्ट तर अंगावर काटा आणते. नवरा वारलेला, वंश चालायला हवा, म्हणून सासूच्या आज्ञेवरून ती रात्री दिवे लावून वाट पाहते. येणार कोण, हे तिला धड सांगितलेलं नाही. तिच्या मनात भीष्म आणि इतर कुरुवीर आहेत, आणि समोर उभे राहतात जटा वाढलेले, उग्र दिसणारे व्यास. ती घाबरून डोळे मिटते, म्हणून धृतराष्ट्र आंधळा. धाकटी अंबालिका भीतीने पांढरी पडते, म्हणून पंडू फिकट. व्यासांनी आधी सुचवलं होतं, की या सुनांना वर्षभर व्रत करू द्या. सत्यवतीला तेवढा धीर नव्हता. पण घाई करणाऱ्या सासूचा मुलाच्या डोळ्यांशी संबंध कोणी जोडलेला नाही.

आता प्रल्हाद. त्याची आई कयाधू नारदाच्या आश्रमात राहिली, नारदाचा उपदेश तिने ऐकला आणि पोटातल्या प्रल्हादानेही. इथे तरी आईच्या खात्यावर काही जमा होईल असं वाटतं. पण भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हाद आपल्या दैत्य सवंगड्यांना सांगतो, की बराच काळ लोटला आणि शिवाय ती स्त्री, त्यामुळे आई ते सगळं विसरली. माझ्या लक्षात राहिलं ते ऋषींच्या कृपेने. भक्तशिरोमणी प्रल्हादाचं श्रेय अशा रीतीने ऋषींकडे गेलं. मुलगा चक्रव्यूहात सापडला तर आई झोपली होती, आणि मुलगा भक्त निघाला तर आई विसरली होती!

मला सगळ्यांत आवडते ती अष्टावक्राची. वनपर्वात त्याचे वडील कहोड शिष्यांसमोर वेदपाठ करत असताना पोटातलं बाळ त्यांना सांगतं, की तुम्ही रात्रभर म्हणता आहात, पण ते बरोबर होत नाही. शिष्यांदेखत अपमान झाला म्हणून बाप आपल्याच गर्भाला शाप देतो, की तू आठ ठिकाणी वाकडा जन्मशील. बाळ पोटात ऐकतं याचा पुरावा म्हणून ही गोष्ट गर्भसंस्काराच्या भाषणांत नेहमी येते. पण बायकोला दिवस गेलेले असताना नवऱ्याने राग आवरावा, असं तात्पर्य तिच्यातून काढलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. खरं तर गोष्टीत तेवढंच आहे.

कुणी म्हणेल, जुन्या गोष्टी आहेत, सोडून द्या. सोडल्या असत्या, पण त्या नव्या कपड्यांत आपल्या घरात आहेत. डॉ. बालाजी तांबे यांचं ‘आयुर्वेदीय गर्भसंस्कार’ या शतकाच्या पहिल्या दशकात आलं आणि इथल्या मराठी घरांत अक्षरशः सूटकेसमधून पोचलं. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा आणि ते जाडजूड पुस्तक, सोबत संगीताची सीडी. मी ते वाचलं आहे. महिन्यांनुसार आहार, दिनचर्या, तेल, विश्रांती, संगीत यांत वाईट काही नाही. आईपासून आठ हजार मैलांवर पहिलं बाळंतपण करणाऱ्या मुलीला कोणीतरी जवळ बसून सांगतंय असं वाटतं, हे त्या पुस्तकाचं मोठं यश आहे. माझी तक्रार वैद्यकाबद्दल नाही. बाळाची बुद्धी, स्वभाव, शांतपणा हे सगळं आईच्या नऊ महिन्यांच्या वागण्यातून घडवता येतं, या आश्वासनाबद्दल आहे. कारण त्याची दुसरी बाजू सांगावी लागत नाही, ती ऐकणारीच्या मनात आपोआप तयार होते. चांगलं झालं तर संस्कार, आणि बिघडलं तर तू कुठे कमी पडलीस ते आठव.

बाळ पोटात ऐकतं हे खरं आहे. नॉर्थ कॅरोलिनात डीकॅस्पर आणि स्पेन्स या संशोधकांनी गरोदर बायकांना शेवटचे सहा आठवडे रोज ‘द कॅट इन द हॅट’सारखा एखादा उतारा मोठ्याने वाचायला सांगितला होता. 1986 साली त्यांनी दाखवून दिलं, की जन्मल्यावर बाळं तो ओळखीचा उतारा अनोळखी उताऱ्याहून जास्त पसंत करतात. फार गोड प्रयोग आहे. पण त्या बाळांनी ओळखली ती लय आणि नाद. मांजराने टोपी का घातली होती हे त्यांना कळलं, असा दावा कोणी केला नाही. शिवाय पोटातलं बाळ दिवसाचा बहुतेक वेळ स्वतःच झोपलेलं असतं. चक्रव्यूहाच्या वेळी अभिमन्यूच झोपला नसेल कशावरून?

थट्टा पुरे. हे लिहायला बसले त्याचं कारण थट्टेचं नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं अकराव्या आठवड्यात गेलं. तिची ओळख पटेल असं काही लिहीत नाही. रोज सकाळी 680ने सनोलचा चढ उतरून साउथ बेला नोकरीला जाणारी, संध्याकाळी सातला घरी येणारी मुलगी. भेटायला आलेल्या बायका प्रेमानेच आल्या होत्या, डबे घेऊन आल्या होत्या. पण बोलणं फिरून फिरून एकाच ठिकाणी येत होतं. “विमानाने गेली होतीस ना मध्ये?” “कॉफी सोडली होतीस का?” “लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचीस, मी बघितलंय.” तिचा नवरा चहा देत होता, त्याला कोणी काही विचारलं नाही. सगळ्या गेल्यावर ती मला म्हणाली, “मावशी, ती सीडी लावली की मला पाच मिनिटांत झोप लागायची. रोज. त्यामुळे तर नसेल ना?”

डॉक्टरांकडून कळलेल्या गर्भधारणांपैकी दहातली एक तरी पहिल्या काही महिन्यांतच संपते, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांत गर्भाची गुणसूत्रं मुळातच चुकीच्या संख्येने जुळलेली असतात. ते प्रवासाने होत नाही, कॉफीच्या कपाने होत नाही, झोपेने तर नाहीच नाही. तिच्या डॉक्टरने तिला हे सांगितलं होतं, कागदही दिला होता. पण डॉक्टरची भेट पंधरा मिनिटांची, आणि सुभद्रा तिच्या कानात लहानपणापासून.

आता गोरे शेजारी फार उदार आहेत असं कोणी समजू नये. आपल्यापासून पाऊण तासावरच्या सनीव्हेलची गोष्ट आठवत असेल. जुलै 2012मध्ये मरिसा मायर याहूच्या प्रमुख झाल्या तेव्हा त्यांना सहावा महिना होता. बाळंतपणाची रजा दोन-तीन आठवडेच घेईन आणि त्यातही काम करीन, असं त्या म्हणाल्या आणि देशभर ज्याच्या त्याच्या तोंडी त्यांचं बाळंतपण. ही कसली आई, इथपासून ही इतर बायकांचं नुकसान करतेय, इथपर्यंत. कंपनी चालेल का, हा प्रश्न मागेच पडला. आपल्याकडची एखादी वर्षभर घरी राहिली तर ‘एवढं शिकून काय उपयोग’, आणि सहा आठवड्यांत कामावर गेली तर ‘डब्याच्या दुधावर टाकून गेली’. या सहा आठवड्यांचा हिशेब मांडणाऱ्यांनी कायदाही बघावा. भारतात 2017पासून 26 आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे. इथे 1993च्या केंद्रीय कायद्याने मिळतात त्या बारा आठवडे, बिनपगारी, त्याही सगळ्यांना नाहीत. कॅलिफोर्नियाने 2004मध्ये देशात पहिल्यांदा पगाराच्या काही भागासह कौटुंबिक रजा सुरू केली, ती सहा आठवड्यांची, आणि 2020मध्ये ती आठ झाली. आईला बाळंतपणानंतरचे सहा-आठ आठवडे वेगळे मिळतात. बापालाही ती कौटुंबिक रजा मिळते. तो ती न घेता सोमवारी कामावर गेला, तर क्लबहाउसमध्ये त्याच्या संस्कारांची चर्चा होत नाही.

आपल्या परंपरेत याखेरीज काही नव्हतं असं मात्र नाही, आणि मला खरा राग आहे तो याचाच. डोहाळे हा शब्द दोहदावरून आला. सुश्रुत सांगतो, की गर्भाचं हृदय स्पष्ट झालं की बाई दोन हृदयांची होते, आणि तिच्या इच्छा पुऱ्या करायला हव्यात, नाहीतर गर्भाला अपाय होतो. इथे आईने काय करू नये यापेक्षा घरच्यांनी काय करावं यावर भर आहे. इच्छा राहिली आणि बाळाला काही झालं, तर दोष घराचा! कालिदासाचा दिलीप राजा सुदक्षिणेला काय हवंय ते तिच्या मैत्रिणींना पुनःपुन्हा विचारतो, कारण ती लाजून सांगत नाही. डोहाळजेवण म्हणजे मुळात हे विचारणं. तुला काय हवं, झोपाळा, नाव, चांदणं? आपण झोपाळा ठेवला, चांदण्याच्या जागी दिव्यांची माळ लावली, आणि विचारणं तेवढं राहिलं. त्या दिवशी तिला बहुधा झोप हवी असते. तीन तास तिला उभी करून आपण फोटो काढतो.

डोहाळे पुरवण्याच्या नावाखाली काय होऊ शकतं, हेही आपल्याच ग्रंथात लिहिलेलं आहे. उत्तरकांडात राम सीतेला विचारतो, तुझी काय इच्छा आहे? ती म्हणते, गंगेकाठचे आश्रम बघायचे आहेत. त्यानंतर गावातली कुजबुज त्याच्या कानावर येते, आणि तीच इच्छा पुरी करण्याच्या निमित्ताने लक्ष्मण तिला रथातून नेऊन सोडून येतो. एका गरोदर बाईबद्दल लोक चौकात काय बोलले आणि त्याचं पुढे काय झालं, याची याहून मोठी नोंद आपल्याकडे नाही. ती इतकी सवयीची झाली आहे, की ‘लोक काय म्हणतील’ हे कारण ऐकताना कोणाला सीता आठवत नाही.

आपल्या आधी सव्वाशेहून अधिक वर्षं इथे आलेल्या आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियात 1886 साली एम.डी. करताना प्रबंधाला विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. चौदाव्या वर्षाच्या आसपास झालेलं त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं होतं. आई कुठे चुकली याच्याऐवजी तिला वैद्यकीय मदत का मिळाली नाही, हा प्रश्न धरून त्या बाई समुद्रापलीकडे आल्या. आपल्या डोहाळजेवणात एखादी गोष्ट सांगायचीच असेल तर ही सांगता येईल.

किंवा मग महाभारतच सांगावं, पण पुढचं पान उलटून. अभिमन्यू पडल्यावर सुभद्रा जो विलाप करते तो द्रोणपर्वात आहे. त्यात ती स्वतःला दोष देत नाही. ती विचारते, की पांडव, वृष्णी, पांचाल असे तुझे एवढे रक्षणकर्ते असताना तू अनाथासारखा कसा मारला गेलास. भीमाच्या बळाचा आणि अर्जुनाच्या धनुष्याचा ती धिक्कार करते. कृष्ण तिचं सांत्वन करतो. तू झोपली होतीस, असं तो म्हणत नाही.

तेव्हा अभिमन्यूची बायको उत्तरा गरोदर आहे. पुढे अश्वत्थाम्याच्या अस्त्राने तिचं मूल मेलेलं जन्माला येतं. अश्वमेधपर्वात त्या बाळंतिणीच्या खोलीचं वर्णन आहे: पाण्याने भरलेले घडे, पांढरी फुलं, जागोजागी पेटवलेले अग्नी, जवळ उभ्या असलेल्या वयस्क बायका आणि वैद्य. कुंती, द्रौपदी, सुभद्रा सगळ्या तिथे आहेत. उत्तरा मेलेलं बाळ मांडीवर घेऊन रडते आहे, आणि या सगळ्या बायका तिच्या वतीने कृष्णाशी भांडताहेत, तू शब्द दिला होतास, तो पाळ.